भुईकोटाच्या पोटातील बाग

किल्ला पाहावयास आलेला मनुष्य प्रथम तट पाहतो, मग बुरूज, मग दरवाजे. आणि उन्हाने जीव कासावीस होऊ लागला की एखाद्या पडक्या महालाच्या सावलीत घटकाभर विसावून, समोरच्या काटेरी झुडपांनी भरलेल्या ओसाड पटांगणाकडे ढुंकूनही न पाहता परतीच्या वाटेस लागतो. त्या पटांगणाखालीच किल्ल्याचा सर्वांत नाजूक, आणि म्हणूनच सर्वांच्या आधी लयास गेलेला भाग, म्हणजे त्याची बाग, दडलेली असण्याचा संभव असतो. तट पडावयास शतके लागतात. बाग मरावयास दोन उन्हाळे पुरतात. मोट थांबली आणि पाट कोरडे पडले की पहिल्याच वैशाखात फुलझाडे जातात, दुसऱ्यात फळझाडे जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात तण आणि बाभळी त्या जागेचा कबजा घेतात. परंतु वरून इतक्या लवकर पुसली जाणारी ही बाग जमिनीखाली मात्र विलक्षण चिवटपणे टिकून राहते, असे गेल्या शतकातील उत्खननांनी दाखवून दिले आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर व औसा या तीन किल्ल्यांच्या अनुषंगाने त्या शोधविद्येचा परिचय करून देण्याचा येथे विचार आहे.

या तिन्ही किल्ल्यांचे दैव दीर्घकाळ एकाच दोरीने बांधलेले होते. बहमनी सल्तनत खिळखिळी झाली तेव्हा बीदरचा वजीर कासीम बरीद याच्या जहागिरीत औसा, कंधार आणि उदगीर ही तीनही ठाणी होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास ती अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेली. शाहजहान बादशहाच्या दक्षिण-मोहिमेत १६३१ साली नसीरीखानाने कंधार घेतले आणि १६३६ साली खान-इ-दौरानने उदगीर व औसा सर केले. आणि पुढे हा सारा मुलूख आसफजाही अमलाखाली गेला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी याच उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. उदगीर तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत असे. त्यामुळे बीदरच्या किल्ल्यात जे स्थापत्य आणि जी उद्यानकला रुजली, तिचे नाते या ठाण्यांशी जोडणे हे केवळ कल्पनेचे काम राहत नाही.

कंधारचा इतिहास त्याहूनही मागे जातो. राष्ट्रकूट नृपती स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अनेक अभ्यासक मानतात, त्याच वंशातील कृष्ण तिसरा (इ.स. ९३९ ते ९६७) याच्या काळातील कंधारच्या शिलालेखात तेथील देवालयांबरोबर जगत्तुंगसमुद्र या विस्तीर्ण तलावाचा उल्लेख आहे. पुढे निलंग्याहून फार दूर नसलेल्या कल्याणी या राजधानीत, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या क्रीडांमध्ये वनक्रीडा आणि भूधरक्रीडा यांना, म्हणजे उपवनातील व कृत्रिम टेकडीवरील विहाराला, स्वतंत्र स्थान दिलेले आहे. तात्पर्य, फारसी परंपरेतील चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, या भूमीत येण्यापूर्वी कित्येक शतके येथील राजांना तलाव बांधण्याची आणि उपवने राखण्याची हौस व विद्या दोन्ही अवगत होत्या. म्हणून या किल्ल्यांत बागेचा माग काढावयाचा झाल्यास उत्खननकाराने एकाच कालखंडावर दृष्टी खिळवून चालणार नाही; राजवटी बदलल्या तरी विहीर तीच राहते, हौद तोच राहतो, आणि नवा किल्लेदार जुन्याच पाटाच्या तोंडाशी आपले नवे वाफे आखतो.

दख्खनच्या किल्ल्यातील बाग कशी असे, हे जाणून घेतल्याशिवाय ती कशी शोधावी हे कळणार नाही. तिचा आरंभ झाडापासून होत नसे, पाण्यापासून होत असे. विहिरीवर मोट किंवा रहाट चाले. त्याचे पाणी प्रथम उंचावरील टाकीत चढविले जाई. तेथून जमिनीखाली चुन्यात बसविलेल्या खापरी नळांनी ते हौदापर्यंत आणि कारंज्यांपर्यंत नेले जाई, आणि हौद भरून वाहू लागला की चुनेगच्ची केलेल्या पाटांतून ते वाफ्यांत सोडले जाई. पातळीत फरक असेल तेथे नक्षीदार उतरत्या शिळेवरून पाण्याची चादर खाली सोडीत. वाफे बहुधा पायवाटांहून खोल ठेवीत. त्यामुळे पाणी वाहून जात नसे, ओल टिके, आणि वाटेवरून चालणाऱ्यास फुलांचे ताटवे पायांशी पसरलेले दिसत. या बागेत केवळ विलास होता असेही नाही. वेढा पडल्यावर लिंबू, भाजीपाला, औषधी वनस्पती आणि सरपण यांची गरज भागविणारी ती एक कोठीच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडांवर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगांसारखी लहान झाडे आणि फुलवेली लावून त्या जतन कराव्यात, प्रसंगी लाकूडही कामास येते, असा जो स्पष्ट आदेश आहे, तो या व्यवहारी दृष्टीचाच पुरावा होय.

अशी बाग गाडली कशी जाते? पाण्याचा ओघ आटल्यावर पाटांत वाऱ्याने आलेली धूळ साचते, महालांची छते कोसळून चुना-विटांचा मलबा हौदात भरतो, पावसाळ्यागणिक तटाकडील माती वाहून येऊन खोल वाफे भरून निघतात, आणि शंभर-दीडशे वर्षांत पायवाट व वाफा यांतील अंतर नाहीसे होऊन सर्वत्र एकसारखे पटांगण होते. हा निसर्गाचा व्यापार बागेला झाकतो. तिचा नाश करीत नाही. नाश होतो तो दोन प्रकारांनी. एक, गुप्तधनाच्या लोभाने रात्री-अपरात्री खणलेल्या खड्ड्यांनी. आणि दुसरा, सुशोभनाच्या सद्भावनेने फिरविलेल्या यंत्रांनी. दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण चोराचा खड्डा हातभर असतो, तर सपाटीकरणाचे यंत्र एका दिवसात साऱ्या पटांगणाचे वरचे दोन फूट खरवडून नेते, आणि बागेचे बहुतेक सारे दफ्तर त्या दोन-तीन फुटांतच असते.

आता प्रत्यक्ष उत्खननाकडे वळू. कुदळ उचलण्यापूर्वी जागेचे वाचन करावे लागते. विहीर कोठे, तिच्या काठी उंच टाकीचा चौथरा आहे काय, तेथून उतार कोणत्या दिशेस जातो, महालाचा दिवाणखाना कोणत्या बाजूस उघडतो, या चार गोष्टी नकाशावर मांडल्या की बागेचा अक्ष बहुधा आपोआप दिसू लागतो, कारण पाणी उताराविरुद्ध जात नाही आणि मालक आपल्या बैठकीतून दिसणार नाही अशा ठिकाणी कारंजे बसवीत नाही. त्यानंतर जमिनीचा विद्युत्‌रोध मोजणारी उपकरणे फिरवितात. मातीने भरलेला ओलसर पाट आणि कोरडा दगडी पाया यांतून वीज सारख्या सुलभतेने वाहत नसल्याने, न खणताच पुरलेल्या रेषांचा अंदाज येतो. मग जागेचे चौरस पाडून, मधे बांध राखून, थराथराने माती काढावयाची आणि प्रत्येक चौरसाच्या उभ्या छेदात थरांचे रंग टिपावयाचे.

या छेदांत उत्खननकार जे शोधतो ते सोने-नाणे नव्हे. पायवाटेच्या कडेच्या भिंतीवरील गिलावा जेथे खाली एका सरळ रेषेत संपतो, ती जुन्या वाफ्यातील मातीची पातळी. मुरमात गोल आकाराचा, जुनेऱ्याला लावलेल्या ठिगळासारखा वेगळ्या रंगाचा काळसर डाग दिसला, की तो झाडाचा आळ्यासह खणलेला खड्डा. बागवानाने मुरूम फोडून त्यात नदीकाठची गाळमाती आणि शेणखत भरले, झाड गेले, पण भरलेली माती तशीच राहिली. अशा खड्ड्यांतील अंतरेही बोलकी असतात. आंब्यास सुमारे १० मीटर लागतात, लिंबू-नारिंगास सुमारे ६ मीटर पुरतात; म्हणून खड्ड्यांची रांग मोजली तरी आमराई होती की लिंबोणी, याचा तर्क करता येतो. खत घातलेल्या मातीत स्फुरदाचे प्रमाण आसपासच्या मातीहून अधिक आढळते, आणि रासायनिक परीक्षेने वाफ्याची सीमा निश्चित होते.

कारंजी आढळल्यास हिशेब आणखी नेमका होतो. कारंज्याचा फवारा त्याला पाणी पुरविणाऱ्या टाकीतील पातळीपेक्षा उंच कधीच जाऊ शकत नाही, आणि नळातील घर्षणामुळे प्रत्यक्षात तो त्याहून थोडा खालीच राहतो. म्हणून तोटीचे भोक, नळाचा व्यास आणि हौदापासून टाकीची उंची एवढी मापे हाती आली, की कारंजे किती उंच उडत असे आणि ते चालू ठेवण्यास तासाला किती पाणी लागे, हे गणिताने सांगता येते. ज्या जागी टाकी उरलेली नाही पण कारंज्याची तोटी सापडली आहे, तेथे हेच गणित उलट्या बाजूने मांडून टाकी कोणत्या उंचीवर असली पाहिजे हेही ठरविता येते.

झाडांची ओळख पटविणे हे सर्वांत कठीण. या बाबतीत जगातील सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त इटलीतील पाँपेई नगराचा आहे. इ.स. ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात ते नगर राखेखाली व हलक्या दगडांखाली गेले. झाडांची मुळे कुजून गेली, परंतु त्यांच्या पोकळ्या राहिल्या. १९६१ पासून तेथे विल्हेल्मिना जाशेम्स्की या विदुषीने त्या पोकळ्या साफ करून, आत तारा घालून सिमेंट ओतण्याची पद्धत अवलंबिली, आणि भोवतालची माती काढल्यावर मुळांचे ठसे हाती आले; गुरांचा बाजार म्हणून ओळखली जाणारी एक जागा प्रत्यक्षात द्राक्षमळा होती, असे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्या मराठवाड्यात राख नाही. काळी माती आहे, आणि तिचा स्वभाव अगदी निराळा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. त्या भेगांतून वरचे खापर किंवा नाणे खालच्या थरात जाऊन पडते. त्यामुळे अमुक वस्तू तीन फुटांवर सापडली म्हणून ती जुनी, असा कौल येथे देता येत नाही. मुरमात खणलेले खड्डे आणि चुन्याने बांधलेले पाट हेच येथे विश्वासार्ह साक्षीदार ठरतात. कोरड्या, हवा खेळणाऱ्या आणि चुनखडीयुक्त मातीत फुलांचे परागही फारसे टिकत नाहीत. परंतु तीन वाटा मोकळ्या राहतात. पहिली, जळालेल्या बिया: उत्खननातील माती पाण्याच्या पिंपात ढवळली की कोळसा झालेल्या बिया व लाकडाचे कण वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरावनस्पतिशास्त्राची परंपरा आहेच. दुसरी, वनस्पतींच्या पेशींत साचलेले गारेचे सूक्ष्म कण: झाड कुजले तरी ते नष्ट होत नाहीत, आणि केळीचे कण तर आकारावरून निराळे ओळखू येतात; ज्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या केळीचा आज एवढा बोलबाला आहे, तेथील जुन्या किल्ल्यात केळबाग होती काय, या प्रश्नाचे उत्तर लाकूड न ठेवणाऱ्या त्या झाडाने अशा रीतीने मागे ठेवलेले असू शकते.

तिसरी वाट कंधारच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे खंदकाचा गाळ. कंधारचा खंदक पाण्याचा आहे. पाण्याखाली, हवेचा संपर्क नसलेल्या गाळात पराग उत्तम टिकतात. आणि किल्ल्याच्या आतबाहेर जे जे फुलले त्याचे पराग वाऱ्याने आणि पावसाने त्या खंदकात जाऊन थरावर थर बसले असणार. खंदकाच्या तळातून आणि जगत्तुंगसमुद्र तलावाच्या तळातून उभी नळी घालून गाळाचे अखंड नमुने काढले, तर एकही दगड न हलविता तेथील वनस्पतिसृष्टीची क्रमवार बखर हाती येऊ शकेल. मात्र खंदकातील गाळ ‘साफसफाई’ म्हणून उपसून शेतात पसरला गेला की ती बखरही गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा शोधांची फळे कशी असतात, ते आपल्या देशातील काही उदाहरणांवरून पाहू. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. १९१९ मध्ये तो संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाला, आणि पुढील चार वर्षांत तेथील नंतरची बांधकामे दूर करून जे खोदकाम झाले त्यातून दिवाणखान्यांचे पाये, पाण्याचे मार्ग व हौद उजेडात आले. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे, १९६ तोट्यांचे हजारी कारंजे आज आपण पाहतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावापासून शहरात नळाने पाणी आणले गेले नसते तर ते उडालेच नसते. म्हणजे एका कारंज्याचा अर्थ लावावयाचा तर कित्येक मैलांवरील तलावापर्यंत जावे लागते.

बीदरच्या बाबतीत हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे ऋण मान्य केले पाहिजे. १९१४ साली स्थापन झालेल्या त्या खात्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी यांनी किल्ल्यातील महालांवरील ढिगारे उपसविले आणि १९४७ साली बीदरच्या इतिहासावर व वास्तूंवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सोळा खांबी मशिदीसमोरील लाल बागेचे, तिच्यातील हौदाचे व पाटांचे वर्णन आहे. कंधार, उदगीर आणि औसा येथील अभ्यासकास तुलनेसाठी याहून जवळचा नमुना मिळणार नाही.

आग्ऱ्याचे उदाहरण मात्र सर्वांत उद्बोधक आहे. ताजमहालासमोर यमुनेच्या पैलतीरावर जे पडके अवशेष होते, ते शाहजहानने स्वतःसाठी आरंभिलेल्या काळ्या ताजमहालाचे, अशी आख्यायिका फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याच्या वृत्तान्तापासून चालत आलेली होती. १९९० नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे उत्खनन केले, तेव्हा मातीखाली कबरीचा पाया निघाला नाही. निघाला तो पंचवीस कारंज्यांचा एक भव्य अष्टकोनी हौद, ज्यात चांदण्या रात्री पैलतीरावरील ताजमहालाचे प्रतिबिंब पडावे अशी योजना होती. ती होती महताब बाग. शाहजादा औरंगजेबाने डिसेंबर १६५२ मध्ये पित्यास लिहिलेल्या पत्रात ही बाग पुराच्या पाण्याने भरून गेल्याचे कळविले होते, आणि नदीच्या गाळाने त्या पत्रास दुजोरा दिला. कागद आणि माती यांची साक्ष अशी जुळली म्हणजे तीनशे वर्षांची दंतकथा एका हौदापुढे टिकत नाही.

राजस्थानातील नागौरच्या अहिछत्रगडाचे उदाहरण आशादायक म्हणून सांगितले पाहिजे. तेथे मेहरानगड संग्रहालय न्यासाने दीर्घकाळ, घाई न करता, महाल व बागा मोकळ्या केल्या, जुने जलमार्ग शोधून दुरुस्त केले, आणि त्या वाळवंटी मुलखातील किल्ल्यात आज सुमारे नव्वद कारंजी पुन्हा चालू झाली आहेत. २००२ साली त्या कार्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-पुरस्कारही मिळाला. याच्या उलट प्रकार ताजमहालाच्या आवारात पूर्वीच घडून गेला होता. लॉर्ड कर्झनच्या अमदानीत तेथील दाट झाडी काढून इंग्रजी पद्धतीची हिरवळ पसरण्यात आली, आणि मोगल बागेची फळझाडांनी भरलेली मूळ प्रकृती लोकांच्या स्मरणातून गेली. दुर्दैव असे की पुढे कोठेही ‘किल्ल्याचे सुशोभन’ म्हटले की कर्झनची ती हिरवळच आमच्या डोळ्यांसमोर उभी राहते.

कोणी विचारील की, जेथे माणसांना प्यावयास पाणी मिळत नाही त्या मराठवाड्यात मेलेल्या बागा उकरून काय साधणार? या प्रश्नाचे उत्तर त्या बागांतच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातील किल्ल्यांत शेकडो माणसे, जनावरे आणि वर एक बाग इतक्यांचा निर्वाह कित्येक पिढ्या झाला. तो कोणत्या विहिरींवर, किती साठवणीवर, कोणत्या काटकसरीवर झाला, हौदातून वाहून गेलेले पाणी वाफ्यांत कसे वळविले गेले, उन्हाळ्यात कोणती झाडे तग धरीत आणि कोणती मुळात लावलीच जात नसत, याचा हिशेब त्या पाटांच्या उतारांत आणि त्या खड्ड्यांच्या अंतरांत नोंदलेला आहे. राजांच्या लढायांची दफ्तरे आपण पुष्कळ वाचली. शाहजहानच्या पादशाहनाम्यात कंधारच्या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने काढलेले चित्रही इंग्लंडच्या राजसंग्रहात सुरक्षित आहे, आणि त्यात आग, धूर व सैन्य सारे आहे. शांततेच्या दिवसांत तेथे पाणी कसे फिरले, ते मात्र चित्रात नाही, मातीत आहे.

म्हणून कंधार, उदगीर आणि औसा येथील कारभाराशी ज्यांचा संबंध येतो अशा सर्वांपुढे या लेखाच्या निमित्ताने चार सूचना ठेवाव्याशा वाटतात. किल्ल्यातील कोणत्याही मोकळ्या पटांगणावर हिरवळ, फरसबंदी किंवा वाहनतळ करण्यापूर्वी तेथे तज्ज्ञांकडून मोजणी व चाचणी-उत्खनन करून घ्यावे. खंदकाचा व तलावाचा गाळ उपसावयाचा झाल्यास त्याआधी त्याचे नमुने काढून ठेवावेत. विहिरी, टाक्या, नळ आणि पाट यांचे नकाशे महालांच्या नकाशांइतक्याच काळजीने तयार करावेत. आणि किल्ल्याच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांनी, शेत नांगरताना किंवा पाया खणताना खापरी नळाचा तुकडा जरी लागला, तरी तो उचलून घरी न नेता जागच्या जागी ठेवून पुरातत्त्व खात्यास कळवावे. कारण जागेवरून हललेला नळ हे नुसते खापर असते, आणि जागेवरचा नळ एका बागेचा पत्ता सांगतो.